पाणी कधी येणार? : शहरातल्या हॅकेथॉनची तयारी, दोन दिवस आणि नंतरचं वर्ष

हॅकेथॉन म्हणजे कोड लिहिणारी आणि न लिहिणारी माणसं दोन दिवस एकत्र बसून गावाच्या एखाद्या प्रश्नावर काहीतरी बनवतात तो कार्यक्रम. आमच्या पहिल्या हॅकेथॉनमधून सहा ॲप निघाली. टाळ्या झाल्या, ट्रॉफ्या वाटल्या, नगराध्यक्षांसोबत फोटो झाला. वर्षभरानं पाहिलं तर सहापैकी एकही चालू नव्हतं. त्यातल्या सगळ्यात चांगल्या ॲपचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, एका मुलाच्या स्वतःच्या नावावर होतं. तो नोकरीसाठी बेंगळुरूला गेला, त्याचं कार्ड बदललं आणि नूतनीकरणाचा मेल कुणीच पाहिला नाही. आज तो पत्ता उघडला की रमीची जाहिरात येते.

हे आमच्याच गावचं रडगाणं आहे असंही नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन डीसीचे तेव्हाचे तंत्रज्ञान प्रमुख विवेक कुंद्रा यांनी २००८ मध्ये 'ॲप्स फॉर डेमोक्रसी' ही स्पर्धा घेतली. ३० दिवसांत ४७ ॲप आली, खर्च ५० हजार डॉलर. जगभरच्या शहरांनी तिची नक्कल केली. पुढच्या वर्षी दुसरी फेरीही झाली. पण कुंद्रांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांनी ती पुढे चालवली नाही. ज्यांना सरकारी सेवांची खरी गरज आहे त्यांच्या हातात नसलेल्या स्मार्टफोनसाठीच बरीचशी ॲप बनली होती, असं त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हापासून आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात करतो. दोन दिवसांत ॲप होत नाही, हे आधीच मान्य करायचं. दोन दिवसांत एक नीट यादी होते, आणि ती यादी चालू ठेवणारी चार माणसं एकमेकांना ओळखू लागतात. खाली जे लिहिलंय ते लाखभर वस्तीच्या नगरपरिषदेचं गाव आणि 'नळाला पाणी कधी येणार' हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून. तुमचा प्रश्न एसटीचं वेळापत्रक असेल किंवा रेशनचा साठा. कामाची रीत फारशी बदलत नाही.

प्रश्न एकच, आणि तोही लहान

'स्मार्ट शहरासाठी नावीन्यपूर्ण उपाय' असा विषय दिलात की तक्रार नोंदवण्याची अकरा ॲप मिळतील. कारण खड्ड्याचा फोटो काढा, नकाशावर टिचकी मारा, पाठवा, हे बनवायला सोपं असतं. पाठवलेली तक्रार उघडायची कुणी, याचा विचार त्यात नसतो.

अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये २०११ साली 'कोड फॉर अमेरिका' या स्वयंसेवी संस्थेच्या तरुणांनी काय केलं ते बघा. बर्फ पडला की रस्त्याकडेचे अग्निशमनाचे नळ गाडले जातात आणि आग लागल्यावर बंबवाल्यांचा वेळ ते उकरण्यात जातो. या तरुणांनी वेबवर नळांचा नकाशा टाकला आणि लोकांना म्हटलं, तुमच्या दारासमोरचा नळ दत्तक घ्या, बर्फ पडला की तेवढा मोकळा करा. बस, एवढंच. पुढे होनोलुलूनं तोच कोड उचलला आणि त्सुनामीच्या भोंग्यांसाठी वापरला; तिथे भोंग्यांच्या बॅटऱ्या चोरीला जायच्या आणि त्यावर नजर ठेवायला माणसं हवी होती. प्रश्न इतका लहान होता म्हणूनच तो बर्फातून समुद्रकिनाऱ्यावर जाऊ शकला.

प्रश्न ठरवताना एक कसोटी लावा. उत्तर मिळालं तर उद्या सकाळी कोण काय वेगळं करेल? 'शहरातील पाणीपुरवठ्याचे विश्लेषण' या कसोटीवर उडतं. 'आमच्या गल्लीत आज पाणी येणार की नाही' टिकतं, कारण ते कळलं तर एक बाई अर्धा दिवसाची मजुरी बुडवून घरी थांबणार नाही.

ते रजिस्टर कुणाच्या टेबलावर आहे?

मुख्याधिकाऱ्यांना भेटाच, त्यांच्या होकाराशिवाय पुढे काही हलत नाही. पण माहिती त्यांच्याकडे नसते. ती पाणीपुरवठा विभागातल्या एखाद्या लिपिकाच्या रजिस्टरमध्ये असते, आणि खरी माहिती तर त्या रजिस्टरातही नसते. ती वॉलमनच्या, म्हणजे गल्ल्यांना पाणी सोडणारे वॉल (व्हॉल्व्ह) चावीनं उघडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, डोक्यात असते.

आमच्या दुसऱ्या खेपेला मी महिनाभर आधी एका वॉलमनसोबत पहाटे साडेचारला फिरले. हातात लांब चावी, स्कूटरला बांधलेली टॉर्च. विभागानं दिलेल्या वेळापत्रकात त्या झोनला ५ ते ७ लिहिलं होतं. ५ वाजून गेले तरी हे गृहस्थ टाकीखाली बिडी ओढत बसलेले. मी घड्याळ दाखवलं, तर म्हणाले, "ताई, पाणी घड्याळावर येत नाही, टाकीवर येतं. रात्री लाइट गेली होती, पंप बंद होता. टाकी भरल्याशिवाय चावी फिरवून काय करू? वरच्या गल्लीला थेंब जाणार नाही."

त्या एका वाक्यानं आमचा अख्खा आराखडा बदलला. आम्ही वेळापत्रकाचं ॲप बनवायला निघालो होतो. ते किती सुंदर झालं असतं तरी रोज खोटं बोललं असतं. लोकांना हवी होती एकच गोष्ट: टाकी भरली का आणि चावी फिरली का.

याच कल्पनेवर 'नेक्स्टड्रॉप' नावाच्या उपक्रमानं हुबळी-धारवाडमध्ये काम केलं होतं, पुढे बेंगळुरूतही. वॉल उघडला की वॉलमननं फोनवर कळवायचं आणि त्या भागातल्या घरांना एसएमएस जायचा. बेंगळुरूतल्या उपक्रमावर संशोधकांनी अभ्यास केला तेव्हा अडचण सॉफ्टवेअरमध्ये सापडली नाही. वॉलमनकडून निरोप वेळेवर येईलच याची खात्री नव्हती, आणि निरोप पाठवून त्याला काय मिळणार हेही स्पष्ट नव्हतं. तेव्हा तुमच्या हॅकेथॉनच्या आमंत्रणांच्या यादीत पहिलं नाव वॉलमनचं हवं, दुसरं लिपिकाचं. मंत्र्यांचं नसलं तरी चालेल.

माहिती मागण्याचे कागद

आधी गोडीगुलाबीनं मागा. साधं पत्र लिहा, आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसलेलं पत्र दिलंच नव्हतं असं समजा. पत्रात काय हवं ते नेमकं लिहा. 'पाणीपुरवठ्याची माहिती' असं मोघम न लिहिता टाकीचं नाव, तिची क्षमता, त्यावरचे वॉल आणि प्रत्येक वॉलवर कुठल्या गल्ल्या, ही यादी मागा.

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ चं कलम ४(१)(ख) कार्यालयानं न मागता काय काय जाहीर करायचं ते सांगतं. पत्रात त्याचा उल्लेख केला तर लिपिकालाही बरं पडतं. साहेबांना दाखवायला त्याच्याकडे आधार असतो.

गोडी चालली नाही तर अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा किंवा राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून करा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून टाक्यांचा अर्ज वेगळा आणि पंपांच्या लॉगबुकचा वेगळा. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर प्रथम अपील. म्हणजे हॅकेथॉनच्या तीन महिने आधी हे सुरू व्हायला हवं. आदल्या आठवड्यात सुचून उपयोग नाही.

अर्जात एक ओळ हमखास घाला: 'माहिती संगणकात साठवलेली असल्यास मूळ एक्सेल फाइलच्या स्वरूपात द्यावी.' कलम ७(९) प्रमाणे माहिती साधारणपणे मागितलेल्या स्वरूपातच द्यायची असते, आणि कलम २ मधल्या व्याख्येत इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क धरलेला आहे. ही ओळ नसेल तर एक्सेलची प्रिंट, प्रिंटची झेरॉक्स, झेरॉक्सचं स्कॅन आणि त्याची पीडीएफ तुमच्या हातात येते. हसू नका, आम्हाला ४१ पानं अशीच मिळाली होती, त्यातलं एक उलटं.

आधीच उघडं असलेलंही तपासा. केंद्राचं डेटा पोर्टल २०१२ पासून आहे, आणि तिथल्या माहितीसाठी २०१७ साली सरकारी खुला परवाना जाहीर झाला. श्रेय देऊन ती कुणालाही वापरता येते. पुणे महापालिकेचं स्वतःचं डेटा पोर्टल आहे. 'डेटामीट' हा स्वयंसेवकांचा गट २०११ पासून नकाशे आणि सीमारेषा गोळा करतोय. रस्ते, गल्ल्या यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप हा कुणालाही भर घालता येणारा खुला नकाशा वापरा, आणि त्यात भर घालताना गूगलच्या नकाशावरून बघून नावं उतरवू नका. परवान्यात ते बसत नाही आणि तिथले जुने स्वयंसेवक ते काढून टाकतात.

मराठीची साफसफाई

बाहेरच्या कुठल्याही हॅकेथॉन मार्गदर्शकात हा भाग सापडत नाही आणि आपले निम्मे तास इथेच जातात. म्हणून जरा सावकाश.

जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर मराठी दिसते, पण मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांचा चिवडा होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. नेमका फॉन्ट कुठला हे मात्र आधी शोधावं लागतं, कारण एकाचा कन्व्हर्टर दुसऱ्याला चालत नाही. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा. स्कॅन असेल तर चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्ट या मोफत सॉफ्टवेअरला मराठी येते, पण आकड्यांवर विश्वास ठेवू नका. आकडे दोघांनी मिळून तपासायचे, एकानं वाचायचे आणि दुसऱ्यानं टिक करायची.

युनिकोड झाल्यावरही सुटका नाही. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टंकता येतं: एक सलग अक्षर, दुसरं म्हणजे साध्या 'अ'वर वेगळा चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. 'दुसऱ्या'मधल्या 'ऱ्य'चंही तसंच. आमच्या यादीत 'दुसऱ्या टाकीजवळ' असं १९ ठिकाणी होतं आणि शोधल्यावर ७ सापडत होती. एक मुलगा तासभर स्वतःच्या कोडमधली चूक शोधत बसला होता. सगळा मजकूर आत घेतानाच एका साच्यात आणणारं दहा ओळींचं फंक्शन आधी लिहून ठेवा आणि सगळ्या गटांना द्या.

मग नावं. शिवाजीनगर, शिवाजी नगर, शिवाजीनगर पू., छ. शिवाजीनगर. ही एक जागा की चार, हे फक्त वॉलमन सांगू शकतो. त्याच्यासोबत बसून एक तक्ता करा: डावीकडे यादीत सापडलेलं प्रत्येक रूप, उजवीकडे ठरवलेलं एकच नाव. हॅकेथॉनमधून पुढे सगळ्यात जास्त वापरली गेलेली वस्तू हाच तक्ता आहे. नंतर मालमत्ता कर विभागानंही तो मागून नेला.

एक्सेलचे दोन सापळे आहेत. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिकनं उघडली तर मराठीच्या जागी कचरा दिसू शकतो. डेटा इम्पोर्टमधून यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) निवडून उघडा, किंवा लिबरऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा, ते स्वतःहून विचारतं. दुसरा सापळा जास्त गमतीचा. पाण्याची वेळ इंग्रजी आकड्यांत ५-७ अशी टंकली की एक्सेल तिची ५ जुलै करून टाकतं. आमच्या एका झोनला कागदोपत्री वर्षातून एकदाच पाणी येत होतं. सुरुवात आणि शेवट वेगळ्या रकान्यांत ठेवा.

आणि प्रभाग क्रमांकावर काहीही उभारू नका. निवडणुकीआधी प्रभागरचना बदलली की तुमचा 'प्रभाग ९' दुसरीकडेच जातो. टाकी हलत नाही. टाकी-वॉल-गल्ली ही साखळी धरा आणि प्रभाग नुसता एक जादा रकाना ठेवा. गावांची माहिती असेल तर केंद्राच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निर्देशिकेतला कोड प्रत्येक ओळीत घाला. नावावरून दोन याद्या जुळवू नका, एका जिल्ह्यातच चार पिंपळगाव निघतात.

काय आणायचंच नाही

विभाग कधीकधी उत्साहानं सगळंच देऊन टाकतो: ग्राहकाचं नाव, मोबाइल, थकबाकी. ती फाइल हॅकेथॉनच्या खोलीत येऊ देऊ नका. लिपिकासमोरच ते रकाने उडवा आणि उरलेली प्रत घ्या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी शेजाऱ्याची थकबाकी पेनड्राइव्हवर फिरणं बरं नाही.

वॉलमनचं नावही यातच धरा. 'अमुक यांनी वॉल २० मिनिटे उशिरा उघडला' असं पडद्यावर दिसू लागलं की दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला निरोप मिळणार नाही, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही.

तारीख, जागा, चहा

ओपन डेटा डे, म्हणजे खुल्या माहितीचा जागतिक दिवस, मार्चच्या सुरुवातीला असतो, म्हणून अनेकांना तेव्हाच कार्यक्रम घ्यायचा मोह होतो. आपल्याकडे मार्चअखेर म्हणजे कार्यालयातला कुठलाच माणूस मोकळा नसतो. एप्रिल-मेमध्ये पाणीपुरवठा विभाग टँकरच्या मागे. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत सण. डिसेंबरमध्ये नागपूरचं अधिवेशन आणि तारांकित प्रश्नांची उत्तरं. उरतो तो जानेवारी, २६ तारीख सोडून. आणि आचारसंहितेची शक्यता पाहा. ती लागली तर अधिकारी कार्यक्रमाला येणार नाहीत आणि सभागृहही मिळणार नाही.

शुक्रवारी दुपारी कार्यालयातच सुरुवात करा, कारण शनिवार-रविवार तिथे सुट्टी असते आणि एखादं रजिस्टर कपाटात राहिलं तर मग सोमवारपर्यंत नाही. पुढचे दोन दिवस सार्वजनिक वाचनालय किंवा कॉलेजची लॅब. रात्रभर जागायचं फॅड टाळा. रात्रीचा नियम केला की मुलींना आणि घरात लहान मूल असलेल्यांना घरून परवानगी मिळत नाही, आणि पहाटे तीनला लिहिलेला कोड सकाळी पुसावाच लागतो.

इंटरनेट जाणार हे धरून चला. सगळ्या फाइली दहा पेनड्राइव्हवर आधीच घ्या, नकाशाचा शहरापुरता तुकडाही. विजेचे बोर्ड मोजा. सकाळी पोहे, दुपारी साधं जेवण, चहा मात्र दर दोन तासांनी. बजेटमध्ये कुठे वाढवायचं असेल तर चहात वाढवा, टी-शर्टमध्ये नको.

दोन दिवस

शनिवारी सकाळी भाषण एकच, दहा मिनिटांचं. मग वॉलमन आणि लिपिक पुढे बसतात आणि तासभर त्यांचंच काम सांगतात. मुलांना तोवर लॅपटॉप उघडू देऊ नका. त्यानंतर सगळे भिंतीवर चिठ्ठ्या लावतात आणि गट पडतात, चार ते सहा जणांचे. प्रत्येक गटात कोड न येणारा किमान एक जण हवा. आमच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. सूचनांची मराठी त्यांनी इतकी सुधारली की 'कृपया आपले क्षेत्र निवडा'चं 'तुमची गल्ली कोणती?' झालं.

संध्याकाळी साडेपाचला पहिली दाखवणी. अर्धवट असलं तरी दाखवायचंच, आणि दाखवायचं वॉलमनला. त्यांच्या स्वतःच्या फोनवर, बाहेर उजेडात. आमचं पहिलं रूप तिथेच आपटलं, कारण त्यांच्याकडे बटणांचा फोन होता आणि एक हात चावीला अडकलेला. त्या रात्री ॲप बाजूला पडलं आणि मिस्ड कॉल आला: प्रत्येक वॉलसाठी एक नंबर, उघडला की एक रिंग, विषय संपला. गल्लीतल्या लोकांना एसएमएस. ज्यांना नकाशा बघायचाय त्यांच्यासाठी वेबपान, तेही साधं.

रविवारी नवीन काही सुरू करायचं नाही. सकाळी दुरुस्ती, दुपारी लिहिणं: हे कसं चालवायचं, यादी कुठून येते, ती बदलली तर कुठे बदलायची. मराठीत, दोन पानं. ज्या गटाची दोन पानं झाली नाहीत त्याचं काम झालं नाही असं मानायचं, मग पडदा कितीही चकचकीत असो.

बक्षिसांबद्दल माझं मत कडक आहे: ठेवू नका. रोख रक्कम आली की गट एकमेकांपासून फाइली लपवतात. आमच्या पहिल्या खेपेला साफ केलेली यादी एका गटानं शेवटपर्यंत दुसऱ्यांना दिली नाही. तैवानमधला 'गव्ह-झीरो' हा नागरिकांचा गट २०१२ पासून साधारण दर दोन महिन्यांनी एकत्र बसतो. तिथे कुणी जिंकत नाही, मागच्या वेळचं काम पुढे चालू होतं. २०२० च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारनं औषध दुकानांतला मास्कचा साठा खुला केला तेव्हा थोड्या दिवसांत शंभराहून अधिक ॲप उभी राहिली, कारण माणसं आधीपासून एकमेकांना ओळखत होती.

सोमवारनंतर

डोमेन, सर्व्हर, एसएमएसचं खातं यातलं काहीही एका व्यक्तीच्या नावावर नको. वाचनालय, कॉलेज किंवा नोंदणीकृत संस्था शोधा, खातं तिच्या नावानं काढा, दोन जणांकडे पासवर्ड ठेवा आणि पुढच्या तीन वर्षांचे पैसे आजच भरा. कोड गिटहबवर (कोड सगळ्यांसाठी ठेवायची वेबसाइट) एमआयटी किंवा जीपीएल या खुल्या परवान्यानं टाका. मालकी कुणाची यावर वाद घालण्याची वेळ येण्याआधी हे उरकलेलं बरं.

नगरपरिषदेकडून एक पत्र घ्या, पुन्हा पोच घेऊन. त्यात दोनच गोष्टी हव्यात: ही यादी श्रेयासह कुणालाही वापरता येईल, आणि दर महिन्याला ती अमुक पदावरचा कर्मचारी अद्ययावत करून देईल. माणसाचं नाव नको, पद लिहा, बदल्या होतात.

मग दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दोन तास बसायचं. पाच जण आले तरी पुरे. त्या दिवसाचं काम ठरलेलं असतं: मागच्या महिन्यात कुठल्या वॉलवरून किती दिवस रिंग आली नाही ते काढायचं, आणि त्याआधी कुठलाही निष्कर्ष न काढता त्या वॉलमनला फोन करायचा. गेल्या वेळी एका वॉलवरून सलग अकरा दिवस रिंग नव्हती. आम्हाला वाटलं, कंटाळला असेल. त्यांनी सांगितलं, "बॅलन्स संपलाय, कार्ड बंद पडलंय." आता रिचार्जचे पैसे वाचनालयाच्या खात्यातून जातात.